कल्पित शस्त्र कसे वाचावे? नियम, किंमत आणि अंतर

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस,
• ‘शस्त्र’ आणि ‘अस्त्र’ या दोन संज्ञांमधील भेद स्पष्ट करता येईल.
• साहित्यकृतीतील कल्पित शस्त्राचे परीक्षण नियम, किंमत आणि अंतर या तीन निकषांवर करता येईल.
• जवळून वापरावयाची बंदूक विज्ञानकथेत कोणते वाङ्मयीन कार्य करते, हे सांगता येईल.
• मोरोपंतांचे ‘आर्याभारत’ आणि आधुनिक मराठी विज्ञानकथा यांच्यातील एक धागा ओळखता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण विज्ञानकथेचे स्वरूप पाहिले. विज्ञानकथेत यंत्रे येतात, परग्रह येतात, अंतराळयाने येतात, आणि बहुधा शस्त्रेही येतात. शस्त्र आले की वाचकाचे लक्ष त्याच्या सामर्थ्याकडे जाते. ते किती जणांना मारते, किती दूर मारते, त्यातून कोणता किरण निघतो, असे प्रश्न त्याच्या मनात उभे राहतात. नवोदित लेखकही याच प्रश्नांची उत्तरे देण्यात पाने खर्च करतो. मात्र कल्पित शस्त्राचे सामर्थ्य लेखकाला फुकट मिळते. कागदावर एका वाक्यात आख्खा ग्रह नष्ट करता येतो, त्यासाठी काहीच मोजावे लागत नाही. म्हणूनच केवळ सामर्थ्यावरून अशा शस्त्राचे वाङ्मयीन मूल्य ठरविता येत नाही.

ही गोष्ट आपल्या रोजच्या अनुभवावरून समजून घेता येईल. आपल्यापैकी काही जण माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगर येथील साखर कारखान्यांत पाळीवर काम करीत असतील. बॉयलर किती वाफ देतो, हे कोणीही पाटी वाचून सांगेल. तो बॉयलर किती दाबापर्यंत सुरक्षित आहे, सुरक्षा झडप केव्हा उघडते आणि ती उघडली नाही तर काय होईल, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच आपण जाणकार म्हणतो. यंत्राची खरी ओळख त्याच्या मर्यादेतून होते. कल्पित शस्त्राचेही तसेच आहे. ते काय करू शकत नाही, हे कळल्यावरच त्याच्याभोवती कथा उभी राहते.

४.३ शस्त्र, अस्त्र आणि बंदूक

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘शस्त्र’ हा शब्द ‘शस्’ म्हणजे कापणे, मारणे या धातूपासून, तर ‘अस्त्र’ हा शब्द ‘अस्’ म्हणजे फेकणे या धातूपासून झाला आहे. हातात धरून वापरायचे ते शस्त्र, आणि फेकायचे ते अस्त्र. तलवार, कट्यार, बिचवा ही शस्त्रे होत. बाण हे अस्त्र होय. पुराणकाव्यांत मंत्राने भारून सोडलेल्या बाणालाही अस्त्र म्हटले जाते. आधुनिक मराठीने ‘क्षेपणास्त्र’ आणि ‘अण्वस्त्र’ हे शब्द घडविताना ही परंपरा कायम ठेवली.

बंदूक मात्र या दोहोंच्या सीमेवर उभी आहे. ती हातात राहते म्हणून शस्त्र, आणि तिच्यातून गोळी सुटते म्हणून अस्त्र. तिच्या परिवारातील शब्दही बाहेरून आले आहेत. ‘बंदूक’ अरबी-फारसीच्या वाटेने आला, ‘तोफ’ तुर्की मुळाचा आहे, आणि ‘पिस्तूल’ व ‘काडतूस’ हे शब्द पोर्तुगिजांच्या संपर्कातून मराठीत रुजले. ज्या समाजाकडून वस्तू आली त्याच्याकडूनच तिचे नावही आले, हे भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे.

विज्ञानकथाकारापुढे हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. जी वस्तू अद्याप अस्तित्वातच नाही तिला काय म्हणावे? ‘किरणास्त्र’ म्हटले की पुराणाचा घोष येतो. ‘किरणबंदूक’ म्हटले की वस्तू हातात आल्यासारखी वाटते. नाव निवडताना लेखक वाचकाला त्या वस्तूपासून किती दूर उभे करायचे, हेही ठरवीत असतो.

४.४ नियम आणि किंमत : आर्याभारतातील अस्त्रे

कल्पित शस्त्रांचा सर्वांत समृद्ध साठा महाभारतात आहे, आणि ते संपूर्ण महाभारत मराठीत आर्यांमध्ये आणणारा कवी बारामतीचा. मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यास झाला. तरुण वयात ते बारामतीस आले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पुराणिक म्हणून स्थिरावले आणि १७९४ मध्ये तेथेच निवर्तले. ‘आर्याभारत’ हे त्यांचे विस्तृत काव्य या कऱ्हाकाठच्या वास्तव्याचे फळ आहे. त्या कथाभागातील तीन अस्त्रे आपण तपासू.

(अ) वासवी शक्ती : इंद्राने कर्णाला दिलेली ही शक्ती अमोघ आहे, परंतु ती एकदाच वापरता येते. शत्रूला मारून ती इंद्राकडे परत जाते. हा तिचा नियम. तिच्यासाठी कर्णाने जन्मजात कवचकुंडले अंगावरून उतरवून दिली. ही तिची किंमत, आणि ती शस्त्र वापरण्यापूर्वीच चुकती झालेली आहे. कर्णाने शक्ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. रात्रीच्या युद्धात घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडविली तेव्हा ती त्याच्यावर सोडावी लागली. त्या क्षणी घटोत्कच मरतो आणि अर्जुन वाचतो. ‘एकदाच’ हा एक शब्द काढून टाका, म्हणजे हा सारा प्रसंग कोसळतो.

(आ) नारायणास्त्र : द्रोणाचार्यांच्या वधानंतर अश्वत्थामा हे अस्त्र सोडतो. प्रतिकार करावा तसे ते अधिक प्रखर होते. जो शस्त्र खाली ठेवतो आणि वाहनावरून उतरतो त्याला मात्र ते स्पर्श करीत नाही. श्रीकृष्णाच्या सांगण्यावरून पांडवसेना शस्त्रे ठेवते, भीम ठेवीत नाही. अखेर कृष्ण आणि अर्जुन त्याला रथातून ओढून खाली उतरवितात. येथे शस्त्राच्या नियमाने भीमाचा स्वभाव उघडा केला आहे. पुढे दुर्योधन हे अस्त्र पुन्हा सोडण्यास सांगतो, तेव्हा ते पुन्हा सोडल्यास सोडणाऱ्याचाच घात होईल, असे उत्तर त्याला मिळते.

(इ) ब्रह्मशिर : युद्धाच्या शेवटी अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही हे अस्त्र सोडतात. ऋषींच्या सांगण्यावरून अर्जुन ते परत घेतो. अश्वत्थाम्याला परत घेणे जमत नाही, आणि तो त्याचा रोख उत्तरेच्या गर्भाकडे वळवितो. अस्त्र एकच, योद्धे दोन. सोडण्याची विद्या दोघांनाही येते, आवरण्याची एकालाच. दोघांतला नैतिक भेद या एका तपशिलात सामावला आहे.

या तिन्ही उदाहरणांत अस्त्राच्या रचनेचे वर्णन फारसे नाही. नियम मात्र नेमका आहे, आणि तो पात्राला निवड करण्यास भाग पाडतो. आजच्या विज्ञानकथाकाराला जे साधायचे असते ते हेच.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १ : वासवी शक्तीचा नियम आणि किंमत प्रत्येकी एका वाक्यात लिहा.

४.५ अंतर : मारणारा आणि मरणारा

तिसरा निकष अंतराचा. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूर येथील लढाईत कामी आले. इंदापुरातील गढी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्या काळी बंदुका आणि तोफा होत्या, तरीही लढाईचा निकाल पुष्कळदा हातघाईवर लागे. ‘हातघाई’ हा शब्दच अंतर सांगतो : हात पोचेल एवढे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीत अंतर मिठीएवढे होते, आणि वाघनखे हे त्याच अंतराचे शस्त्र होय. अशा अंतरावर समोरच्याचा चेहरा दिसतो, त्याचा श्वास ऐकू येतो. आपण कोणाला मारीत आहोत हे माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय तेथे उरत नाही.

विज्ञानकथेने हे अंतर दोन्ही बाजूंनी ताणून पाहिले. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) या कादंबरीत मंगळवासी तप्त किरणाने माणसे दुरून जाळतात. मरणाऱ्याला मारणाऱ्याशी बोलताही येत नाही. या दुराव्यातूनच कादंबरीतील भय निर्माण होते. याउलट फ्रँक हर्बर्ट यांनी ‘ड्यून’ (१९६५) मध्ये लढणाऱ्यांना पुन्हा हातघाईवर आणले. तेथे योद्ध्याभोवती एक अदृश्य ऊर्जाकवच असते. वेगाने येणारी गोळी ते अडविते, संथपणे सरकणारे पाते मात्र त्यातून आत जाते. लेसर त्या कवचावर पडला तर प्रचंड स्फोट होऊन दोन्ही बाजू नष्ट होऊ शकतात. या दोन नियमांमुळे अतिप्रगत समाजात सुरीचे द्वंद्व तर्कसंगत ठरते. लेखकाला माणसे समोरासमोर हवी होती, त्यासाठी त्याने नियम रचला.

जवळून वापरावयाची बंदूक विज्ञानकथेत म्हणूनच महत्त्वाची ठरते. तिच्यात यंत्राची सहजता आणि हातघाईची जवळीक एकत्र येतात. बोट दाबणे सोपे आहे, आणि चेहरा समोर आहे. तलवारीला बळ आणि सराव लागतो, त्यामुळे मारण्यापूर्वी शरीराला काही कष्ट पडतात. पिस्तुलाला तेवढेही लागत नाहीत. सारा भार मनावर येतो.

४.६ केसाएवढे अंतर : पानिपतची गोळी

मराठी विज्ञानकथेत बंदुकीच्या गोळीचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी केला आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविताना त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव घेतले होते. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम त्यांनी त्यात उलटा केला होता. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहू.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठी सैन्याचा धीर खचला. त्या वेळी बारामतीत मोरोपंत बत्तिशीच्या आसपास होते. म्हणजे अस्त्रांचे महाभारत मराठीत आणणाऱ्या कवीच्या हयातीतच एका खऱ्या गोळीने महाराष्ट्राच्या घराघरांत सुतक आणले. नारळीकरांच्या कथेत इतिहासकार गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोचतात, जेथे ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेलेली असते. तेथे मराठे जिंकतात आणि हिंदुस्थानचा पुढील इतिहासच निराळा होतो. परतताना पंतांच्या खिशात त्या जगातील बखरीचे एक पान राहते. पुढे या घटनेची संगती पुंजभौतिकीतील अनिश्चिततेच्या आधारे लावून दाखविली जाते.

या कथेत नवे शस्त्र एकही नाही. लेखकाने बंदूक जशी होती तशीच ठेवली. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम काही अंतरानंतर भरवशाचा राहत नसे, ही तिची ऐतिहासिक मर्यादाच येथे कल्पनेला वाव देते. बदलले ते केवळ गोळी आणि कान यांमधले अंतर, तेही केसाएवढे. एका माणसाचे वाचणे आणि एका राष्ट्राचा इतिहास यांना जोडणारा दुवा म्हणून ती गोळी काम करते. शस्त्र सामान्य असूनही कथा असामान्य होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

४.७ विश्लेषणाचा नमुना : ‘फुंकर’

आता हे तीन निकष वापरून आपण स्वतः एक कल्पित शस्त्र रचून पाहू. पुढील शस्त्र केवळ अभ्यासासाठी कल्पिलेले आहे.

स्थळ असे समजा : पृथ्वीभोवती फिरणारे एक मालवाहू स्थानक. त्याचे बोगदे अरुंद आहेत, भिंतीचा पत्रा काही मिलिमीटर जाडीचा. इंदापूर तालुक्यातून आलेली एक तरुणी तेथे रात्रपाळीची पहारेकरी आहे. तिच्या हाती कोणती बंदूक द्यावी?

नेहमीचे पिस्तूल तेथे चालेल काय? चालेल. काडतुसातील दारूमध्ये ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन रासायनिक रूपात असतोच, त्यामुळे ते निर्वातातही उडते. प्रत्यक्षातही १९८६ पासून अनेक वर्षे सोयुझ यानातून तीन नळ्यांचे एक पिस्तूल नेले जात असे. १९६५ मध्ये अलेक्सी लिओनोव्ह यांचे यान परतताना घनदाट अरण्यात उतरले होते, त्या अनुभवानंतर हिंस्र श्वापदांपासून बचावासाठी ही योजना झाली. आता धक्क्याचा हिशेब पाहू. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटली, आणि अंतराळवेशासह झाडणाऱ्याचे वस्तुमान १४० किलो धरले, तर तो सेकंदाला २ सेंटिमीटर वेगाने मागे सरकू लागेल. आधार नसेल तर मिनिटाभरात तो सव्वा मीटरच्या जवळपास मागे गेलेला असेल. धक्का फारसा नाही. खरी अडचण भिंतीची आहे. चुकलेली गोळी पत्रा भेदील आणि दोन्ही बाजूंच्या लोकांची हवा बाहेर जाईल.

म्हणून आपण दुसरी बंदूक रचू. तिच्यातून दाबलेल्या हवेच्या जोरावर एक रुंद, हलकी, मऊ चकती सुटते. हवेच्या विरोधामुळे तिचा वेग झपाट्याने कमी होतो. चार हातांच्या आत ती माणसाला लोळविते, त्यापलीकडे ती निष्प्रभ होते. हा नियम. ही हवा येते पहारेकऱ्याच्या पाठीवरील आणीबाणीच्या श्वसनकोशातून. प्रत्येक बार म्हणजे स्वतःच्या श्वासाची दहा मिनिटे. ही किंमत. स्थानकावरचे मराठी कामगार तिला ‘फुंकर’ म्हणतात. आई मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालते, हा अर्थ त्या नावात राहतो, आणि विस्तव फुलविण्यासाठीही फुंकरच मारतात, हाही राहतो.

आता कथा आपोआप सुरू होते. बोगद्यात एक मनुष्य समोर उभा आहे. तो सहा हातांवर आहे. चकती परिणामकारक व्हायची तर तरुणीला पुढे व्हावे लागेल, म्हणजे त्याचा चेहरा पाहावा लागेल. पुढे होताना तिच्या श्वसनकोशात पंचवीस मिनिटांची हवा आहे, हे तिला ठाऊक आहे. दोन बार, आणि मग पाच मिनिटे. ती बोलून पाहील काय? आता एक पाऊल आणखी पुढे जा. समजा, बोगद्यातील हवा गळू लागली. हवेचा विरोध नाहीसा झाला की चकतीचा वेग कमी होणार नाही, आणि चार हातांचे बंधन संपेल. जे शस्त्र जवळून लोळविण्यासाठी केले होते ते दुरून मारणारे झाले, आणि नेमके त्याच वेळी तिचा श्वास सर्वांत मोलाचा झाला. लेखकाने नवे काहीही आणले नाही. आधीच्याच नियमातून हे संकट निघाले. चांगल्या विज्ञानकथेची ही खूण आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न २ : ‘फुंकर’ निर्वातात चार हातांपलीकडेही प्रभावी का ठरेल?

४.८ एक सावधगिरी

आपल्या घरातील मुले मोबाइलवर जे खेळ खेळतात त्यांतही कल्पित बंदुका असतात. प्रत्येकीचा पल्ला, गोळ्यांची संख्या आणि पुन्हा भरण्यास लागणारा वेळ तेथे काटेकोरपणे दिलेला असतो. म्हणजे नियम आहे, अंतरही आहे. पण गोळ्या संपल्या तर पुन्हा मिळतात आणि मेलेला खेळाडू पुढच्या डावात परत उठतो. तेथे किंमत नाही. खेळ म्हणून हे स्वाभाविक आहे, कारण खेळाला पुन्हा सुरू व्हायचे असते. कथेला तशी मुभा नाही. कथेत घटोत्कच मेला तो मेलाच, आणि कर्णाजवळची शक्ती गेली ती गेलीच. न परतणे हा साहित्यातील शस्त्राचा विशेष आहे. ज्या कथेत शस्त्र चालते पण कोणाचे काही कायमचे जात नाही, त्या कथेचे परीक्षण करताना हा मुद्दा आपण आवर्जून मांडावा.

४.९ सारांश

कल्पित शस्त्राचे सामर्थ्य लेखकाला विनासायास मिळते, म्हणून वाङ्मयीन परीक्षणात त्याला दुय्यम स्थान द्यावे. शस्त्र काय करू शकत नाही, वापरणाऱ्याला काय गमवावे लागते, आणि मारणारा व मरणारा यांच्यात किती अंतर आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. आर्याभारतातील अस्त्रे नियम आणि किंमत यांचे उत्कृष्ट नमुने आहेत. जवळून वापरावयाची बंदूक अंतराचा प्रश्न तीव्र करते, कारण तिच्यात कृती सोपी आणि चेहरा समोर असतो. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत एका गोळीचे केसाएवढे अंतर इतिहासाची दिशा बदलते. शस्त्राच्या वर्णनातून अखेरीस माणसाची निवड दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर ते वर्णन कितीही शास्त्रशुद्ध असले तरी कथेत उपरे राहते.

स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे
१. नियम : ती एकदाच वापरता येते. किंमत : तिच्यासाठी कर्णाने कवचकुंडले दिली.
२. निर्वातात हवेचा विरोध नसल्याने चकतीचा वेग कमी होत नाही.

सरावासाठी स्वाध्याय
१. ब्रह्मशिर अस्त्राच्या प्रसंगातून अर्जुन आणि अश्वत्थामा यांच्यातील भेद स्पष्ट करा.
२. आपण वाचलेल्या एका विज्ञानकथेतील शस्त्र किंवा यंत्र निवडून तिन्ही निकषांवर त्याचे परीक्षण सुमारे ३०० शब्दांत करा.
३. ‘फुंकर’ या शस्त्राचा एक नियम बदला आणि त्यामुळे कथेत काय बदलेल ते लिहा.

क्षेत्रीय कार्य
बारामतीतील बाबूजी नाईकांचा वाडा किंवा इंदापुरातील गढी यांपैकी एका स्थळास भेट द्या. तेथील भिंती, दरवाजे आणि वाटा पाहून, ही वास्तू किती अंतरावरून येणाऱ्या शत्रूचा विचार करून बांधली असावी, याविषयी आपले निरीक्षण एका पानात नोंदवा. दरवाजाच्या रुंदीची मोजणी पावलांनी केली तरी चालेल.